झाकलेल्या पिना, मोकळ्या पिना

रास्पबेरी पायवर एखादा बोर्ड बसवला की चाळीसच्या चाळीस पिना दिसेनाशा होतात, आणि बरेच जण तिथेच हात टेकतात. ऑडिओ बोर्ड लावला, आता बटण कुठे जोडायचं? डिस्प्ले लावला, आता सेन्सर कुठे? मग दुसरा पाय विकत घेतला जातो. विद्यार्थ्यांसोबत काम करताना मी हे सारखं पाहते आणि मला ते मनापासून खटकतं. पैसे जातात ते जातातच, वर चांगल्या मोकळ्या पिना बोर्डाखाली तशाच पडून राहतात.

१. झाकलेली पिन म्हणजे वापरलेली पिन नव्हे.
२०१४ च्या बी प्लस मॉडेलपासून पायवर चाळीस पिना आल्या, त्याआधी सव्वीस होत्या. चाळीसपैकी दोन ५ व्होल्टच्या, दोन ३.३ व्होल्टच्या, आठ ग्राउंडच्या. २७ आणि २८ क्रमांकाच्या दोन पिनांवरून पाय बोर्डाची ओळख वाचतो, त्यांना हात लावू नये. उरलेल्या सव्वीस, म्हणजे जीपीआयओ पिना, आपल्या. आता गाणी ऐकण्यासाठीचा साधा डॅक बोर्ड घ्या. त्याला आवाजासाठी जीपीआयओ १८, १९ आणि २१ एवढ्याच लागतात. बाकीच्या बहुतेक पिना त्याच्या कनेक्टरमध्ये नुसत्या घुसलेल्या असतात, पुढे तार गेलेलीच नसते. एक बारकावा मात्र आहे. जीपीआयओ २० ही ध्वनी आत घेण्याची पिन. डॅकला तिची गरज नाही, तरी पाय ४ वर ऑडिओचा ड्रायव्हर चालू झाला की तीही अडते. म्हणून बोर्ड आणि सॉफ्टवेअर, दोन्हीकडे पाहायचं.

२. अंदाज नको, मोजून घ्या.
बोर्डाचा सर्किट डायग्राम मिळाला तर उत्तमच. पिनआउट डॉट एक्सवायझेड या साइटवर अनेक प्रचलित बोर्ड कोणत्या पिना वापरतात ते दिलेलं आहे. स्वस्तातल्या बोर्डाचा कागद मिळत नाही, तेव्हा मी तो पायवरून काढते, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर लावते, एक प्रोब कनेक्टरच्या छिद्रात आणि दुसरा आयसीच्या पायांवरून फिरवते. बीप वाजला की कागदावर टिंब. थोडा वेळ जातो, पण हा कागद पुढे वर्षानुवर्षं कामाला येतो. शेवटी बोर्ड बसवून ‘पिनसीटीआरएल’ ही कमांड चालवली की कोणती पिन सध्या कोणत्या कामाला लावलेली आहे ते कळतं. क्रमांक लिहिताना हेडरचा की जीपीआयओचा, हे प्रत्येक वेळी लिहा. हेडरवरची १२ वी पिन म्हणजे जीपीआयओ १८, आणि जीपीआयओ १२ बसते ३२ व्या पिनवर.

३. आयटूसीच्या पिना कधी ‘संपत’ नाहीत.
जीपीआयओ २ आणि ३ बोर्डाने घेतल्या म्हणून निराश होऊ नका. त्या दोन तारांवर अनेक उपकरणं एकत्र राहू शकतात, फक्त प्रत्येकाचा पत्ता वेगळा हवा. सेन्स हॅटच्या जोडीला बीएमई२८० हवामान सेन्सर सुखाने चालतो. पण डीएस३२३१ घड्याळ आणि एमपीयू६०५०, दोघांचाही पत्ता हेक्समध्ये ६८. तिथे एमपीयूची एडी० पिन ३.३ व्होल्टला जोडली की तो ६९ वर जातो आणि भांडण मिटतं. पायवर १.८ किलोओहमचे पुल-अप आधीच आहेत, त्यामुळे जोडलेल्या प्रत्येक मॉड्यूलवरच्या पुल-अपची गरज नसते.

४. एसपीआयवरही एखादी पिन सुटते.
एसपीआय चालू केलं की निवडीच्या दोन्ही पिना, जीपीआयओ ७ आणि ८, अडतात. बोर्डावर एकच चिप असेल तर कॉन्फिग फाइलमध्ये एकाच निवड-पिनचा ओव्हरले लिहा, जीपीआयओ ७ मोकळी होते.

५. पिनपर्यंत हात कसा पोचवायचा, हे बोर्ड घेतानाच ठरवा.
बोर्ड सुटा, न जोडलेल्या कनेक्टरसह मिळत असेल तर तोच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. मग आखूड कनेक्टरऐवजी लांब पायांचं स्टॅकिंग हेडर सोल्डर करता येतं. ते खालून रास्पबेरी पायवर बसतं, त्याचे लांब पाय बोर्डातून वर निघतात आणि जंपर वायर सरळ लागते.

कनेक्टर आधीच लावलेला असेल तर चाळीस तारांची एफआरसी केबल वापरावी. पुण्यात पासोड्या विठोबापाशी किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर नुसतं एफआरसी म्हटलं तरी पुरतं. तिच्या मधोमध तिसरा कनेक्टर दाबून बसवता येतो. एक पायला, एक बोर्डाला, एक आपल्याला. बोर्डाकडे दोन्ही बाजूंनी पाय असलेली बर्ग पट्टी लागते, आणि खरी जोखीम तिथेच. कनेक्टर उलट्या बाजूने दाबला गेला तर दोन ओळींची अदलाबदल होते आणि ३.३ च्या जागी ५ व्होल्ट येतात. वीज देण्याआधी १ आणि २ या पिना मीटरने तपासा. केबल वीतभरच ठेवा.

जुन्या हार्डडिस्कची केबल घरात पडलेली असते, ती वापरायचा मोह होतो. ऐंशी तारांची असेल तर अजिबात नको. तिच्यात २ आणि ३० या पिना आतून एकमेकींना जोडलेल्या असतात, आणि पायवर २ म्हणजे ५ व्होल्ट, ३० म्हणजे ग्राउंड. सरळ शॉर्ट.

तिसरा मार्ग पायच्या पोटाकडून. हेडरचे सोल्डर केलेले ठिपके खाली उघडे असतात, त्यातल्या हव्या त्या ठिपक्याला बारीक तार जोडता येते. चौकोनी ठिपका म्हणजे पिन १. खालून पाहताना डावं-उजवं उलटं होतं, तेव्हा मोजणी तिथूनच सुरू करावी.

६. बंद करायचं बटण जीपीआयओ ३ वर ठेवू नका.
झोपलेला पाय या पिनने जागा होतो, म्हणून सगळे तिथे बटण लावतात. पण ती आयटूसीची क्लॉक तार आहे. बोर्ड आयटूसी वापरत असेल तर बटण दाबताच संवाद तुटतो. बटण दुसऱ्या पिनवर न्यावं. पाय ५ वर पॉवरचं बटण वेगळंच आहे.

७. मोकळी पिनसुद्धा ३.३ व्होल्टचीच.
एचसी-एसआर०४ अंतरमापकाची इको पिन ५ व्होल्ट देते. मध्ये १ आणि २ किलोओहमचा डिव्हायडर हवाच.

८. खरंच पिना संपल्या तर एमसीपी२३०१७.
ही चिप आयटूसीच्या त्याच दोन तारांवर बसते आणि सोळा नव्या पिना देते. पत्ते हेक्समध्ये २० ते २७, म्हणजे अशा आठ चिप एकत्र लावता येतात. एलसीडीच्या मागचा छोटा बोर्ड बहुधा २७ वर असतो, तेवढा पत्ता सोडून द्या. सर्व्होचे ठोके किंवा डीएचटी२२ सारखा वेळेचा काटेकोर सेन्सर हिच्यावर चालायचा नाही. बटणं, दिवे, रिले यांना मात्र ती छान. बटणं जोडलीत तर तिची आयएनटीए पिन पायच्या एका मोकळ्या जीपीआयओला आणून द्या, म्हणजे प्रोग्रामला दर क्षणी चिपकडे विचारणा करत बसावं लागत नाही.