घरच्या राऊटरला किती मोबाईल जोडता येतात? – हजेरी, पाळी आणि फाटक



आर्णीत पालकसभा संपल्यावर एका पालकाने मला बाजूला घेतलं. "सर, घरी नऊ मोबाईल, एक टीव्ही. पोरीची ऑनलाइन टेस्ट मधातच अटकली. दुकानदार म्हणते, मोठा राऊटर घ्या. घेऊ का?" कापसाचे पैसे नुकतेच हाती आलेले, आणि प्रश्न चार हजारांचा. मी म्हटलं, "आधी मोजू, मग घेऊ."

राऊटरची क्षमता म्हणजे एक आकडा नाही, तीन आहेत. आपल्या वर्गाचंच उदाहरण घेऊ.

१) हजेरीपट – किती नावं बसतात?

राऊटर प्रत्येक मोबाईलला एक पत्ता देतो, उदा. 192.168.1.5. शेवटचा आकडा 0 ते 255 असतो, म्हणजे एकूण 256 (2 चा आठवा घात). पहिला आणि शेवटचा राखीव, एक खुद्द राऊटरचा. उरले 253. प्रत्यक्षात राऊटर बनवणाऱ्या कंपन्या याहून कमी, 32 किंवा 64 अशी मर्यादा ठेवतात. तरी घरात दहा-बारा जोडण्या म्हणजे हजेरीपट भरला असं होत नाही. मोबाईलच्या हॉटस्पॉटचं मात्र वेगळं आहे. अनेक फोनमध्ये तिथे 8 ते 10 जोडण्यांचीच मर्यादा असते. त्यामुळे एका हॉटस्पॉटवर वीस मुलांचे टॅब लावायला जाऊ नका.

२) बोलण्याची पाळी – खरी अडचण इथे

वायफायवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. दोघं एकदम बोलले तर कोणाचंच कळत नाही. म्हणून प्रत्येक मोबाईल आधी ऐकतो, शांतता असेल तर बोलतो. आता वर्गात एखादं मूल अडखळत वाचत असेल, तर बाकीचे थांबतात ना? तसंच जुना किंवा लांबच्या खोलीतला मोबाईल करतो.

उदाहरण: 10 मेगाबिट माहिती घ्यायची आहे.
- राऊटरजवळ, वेग 50 एमबीपीएस : 0.2 सेकंद
- मागच्या खोलीत, वेग 5 एमबीपीएस : 2 सेकंद

काम तेच, वेळ दहापट! तेवढा वेळ बाकी सगळे ताटकळतात. त्यामुळे नऊ मोबाईल आहेत यापेक्षा कोणता कुठे बसलाय हे महत्त्वाचं. राऊटरला 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे असतील, तर ते दोन वेगळे वर्ग समजा. 5 चा वेग जास्त, पण भिंत ओलांडताना तो लवकर दमतो. 2.4 लांब जातो, पण तिथे शेजाऱ्यांची आणि मायक्रोवेव्हची गर्दी असते.

३) फाटक – बाहेरून येणारी लाईन

समजा प्लॅन 40 एमबीपीएसचा आहे. टीव्हीवरच्या एचडी चित्रपटाला साधारण 5, दोन व्हिडिओ तासांना 3-3, तीन मोबाईलवरच्या व्हिडिओंना 2-2. बेरीज 17. म्हणजे भागतं! पण एखाद्या मोबाईलने अपडेट किंवा फोटो-व्हिडिओंचा बॅकअप सुरू केला, की तो एकटाच फाटक अडवून बसतो. खिशात पडलेला मोबाईलसुद्धा हे करू शकतो.

मग त्या घरी काय केलं?

राऊटर लोखंडी कपाटामागे जमिनीवर होता. धातू लहरी अडवतो. तो मधल्या खोलीत उंचावर ठेवला. टीव्हीला सरळ तार जोडली, म्हणजे त्याने पाळीतून नाव काढून घेतलं. बॅकअप रात्रीवर टाकला. पासवर्ड बदलला, तेव्हा दोन अनोळखी मोबाईल आपोआप गळाले! पुढची टेस्ट पोरीने राऊटरच्याच खोलीत बसून दिली आणि ती पूर्ण झाली. नवीन राऊटर घेतला नाही.

नवीन कधी घ्यावा? राऊटर फक्त 2.4 वर चालणारा जुना असेल, किंवा वीस-पंचवीस उपकरणं खरोखर एकाच वेळी काम करत असतील, तेव्हा. वायफाय 6 मध्ये एकाच पाळीत अनेकांचं थोडं थोडं काम होतं, म्हणून गर्दीत त्याचा फायदा आहे. पण बाहेरची लाईनच बारीक असेल, तर महागड्या राऊटरनेही ती रुंद होत नाही.

विद्यार्थ्यांसाठी उपक्रम (इयत्ता 6 वी ते 8 वी)

1. घरातली वायफायला जोडलेली सगळी उपकरणं लिहा. त्यातली आत्ता खरोखर काम करणारी किती?
2. राऊटरजवळ, मधल्या खोलीत आणि शेवटच्या खोलीत नेटचा वेग तीन-तीनदा मोजा. सरासरी काढा, स्तंभालेख काढा.
3. बाकी सगळ्यांचं वायफाय बंद करून पुन्हा मोजा. फरक किती पडला?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुलांनी घरी जेवताना सगळ्यांना सांगावं. परीक्षेच्या दिवशी कोणाचा मोबाईल बाजूला ठेवायचा, हे मग घरचेच ठरवतील.