लोकरीची जास्वंद

सबमिशनच्या आदल्या रात्री शीटवर डाग पडला की काय होतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. आज मात्र अशा चित्रकलेची ओळख करून घेऊ, जिच्यात चुकलेला रंग चक्क चिमट्याने उचलून बाजूला ठेवता येतो. ब्रश नाही, पाणी नाही. रंग म्हणजे रंगवलेली, पिंजलेली मेंढीची लोकर. फ्लॅनेलच्या कापडावर तिचे पातळ थर द्यायचे आणि वरून काच दाबून फ्रेम करायची. सुई नाही, डिंकही नाही. रशियात हा प्रकार 'लोकरीचे जलरंग' म्हणून लोकप्रिय आहे.

मग थर टिकतात कसे? लोकरीचा तंतू मायक्रोस्कोपखाली पाहिला तर त्यावर कौलांसारखे एकावर एक खवले दिसतात. त्यामुळे घर्षण वाढतं आणि तंतू एकमेकांना धरून ठेवतात. बाकीचं काम काचेचा दाब करतो.

लोकर घेताना पेळू मागा, वळलेला धागा नको. विणकामाची म्हणून मिळणारी 'लोकर' बरेचदा ॲक्रिलिक असते. दोन-चार तंतू जाळून बघा. खऱ्या लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांनी चुरगळते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. पेळूतून लोकर काढताना दोन हातांत वीतभर अंतर ठेवा. हात जवळ असले तर दोन्ही मुठींत त्याच तंतूंची टोकं येतात आणि कितीही ओढा, पेळू सुटत नाही!

आता मुख्य गोष्ट, रंग. माझी पहिली जास्वंद एकाच लाल रंगाची होती. ती फूल न वाटता लाल ठिगळ वाटत होती. मग कुंडीतलं खरं फूल नीट पाहिलं. देठाजवळ गडद मरून, मध्ये लाल, उन्हाकडची कड जवळजवळ नारिंगी. इतकी वर्षं रोज दिसणारं फूल मी पाहिलंच नव्हतं.

लोकरीत रंग ओल्या रंगांसारखे एकजीव होत नाहीत. वेगवेगळ्या रंगांचे तंतू शेजारी राहतात. ते मिसळतात लांबून बघणाऱ्याच्या डोळ्यात, अगदी स्क्रीनवरच्या पिक्सेलसारखे. शेजारचा रंग किती फरक पाडतो याचं एक उदाहरण. १८२४ मध्ये शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख झाले. तिथल्या काळ्या लोकरीचा रंग फिका असल्याची तक्रार होती. तपासल्यावर कळलं, काळा रंग ठीक होता. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो फिका दिसत होता! या अभ्यासावरचं त्यांचं पुस्तक १८३९ मध्ये आलं.

आता कृती :

१) आधी पार्श्वभूमी, मग पानं, शेवटी फूल. खालचा थर वरच्यातून डोकावतो, म्हणून क्रम महत्त्वाचा.

२) पाकळ्या पाच. प्रत्येकीची एक कड शेजारणीवर चढवा. तंतूंची दिशा शिरांप्रमाणे, देठाकडून कडेकडे.

३) मरून, लाल, नारिंगी असे विरळ थर द्या. दर दोन थरांनंतर काच ठेवून बघा. दाबाखाली चित्र वेगळंच दिसतं.

४) मधला दांडा तंतू पिळून करा. पिवळे पराग कात्रीने बारीक कापून भुरभुरवा. टोकाला पाच लाल ठिपके विसरू नका.

काचेऐवजी ॲक्रिलिक शीट वापरू नका. पुसताना स्थिर विद्युत तयार होते आणि लोकर तिला चिकटते. चित्र उन्हात टांगू नका, रंग उडतो. फ्रेम मागून नीट बंद करा, नाहीतर कसर लागेल.

पहिलं चित्र बिघडेल, बिघडू द्या. पण सुरुवात करण्याआधी दहा मिनिटं बागेत एका फुलासमोर बसा. त्यात किती लाल आहेत ते मोजा आणि मगच लोकरीला हात लावा.