टीएमटीच्या पट्ट्यावर चढण्याआधी

माझा टीएमटीचा, म्हणजे चालत्या पट्ट्यावर हृदय तपासणाऱ्या ट्रेडमिल टेस्टचा, पहिला रिपोर्ट ‘निष्कर्ष काढता येत नाही’ असा आला. पैसे गेले, सेलूहून परभणीची खेप गेली, आणि जिना चढताना छाती का भरून येते हे कोडं होतं तसंच राहिलं. रक्तदाबासाठी मी रोज सकाळी मेटोप्रोलॉल घेतो. कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे त्या सेंटरवर कुणी विचारलंच नाही. ही गोळी हृदयाचे ठोके वाढू देत नाही, आणि तपासणीची तर सगळी मदार ठोके वाढण्यावरच. २२० मधून वय वजा करायचं. उरलेल्या आकड्याच्या निदान ८५ टक्क्यांपर्यंत ठोके जावे लागतात. माझं वय ५८, म्हणजे मिनिटाला साधारण १३८. मी ११६ वरच थकलो.

पण म्हणून गोळी परस्पर बंद करू नका. ती अचानक सोडली तर छातीचं दुखणं उलट वाढू शकतं. शिवाय आजाराचं निदान आधीच झालेलं असेल, तर औषधाने कितपत आराम आहे हे पाहायला डॉक्टर मुद्दाम गोळी चालू ठेवूनही तपासणी करतात. चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा: कोणती गोळी घ्यायची, कोणती थांबवायची, किती दिवस? इन्सुलिन किंवा साखरेची गोळी घेणाऱ्यांनी तर हे विचारलंच पाहिजे. गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकून न्यावीत, नावं तोंडपाठ कुणाची असतात?

‘पळवतात का हो?’ हा प्रश्न बाकावर हमखास ऐकू येतो. पळवण्यापेक्षा चढवतात. अमेरिकेतल्या डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी घालून दिलेली पद्धत बहुतेक ठिकाणी वापरतात. दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ दोन्ही वाढतात. सुरुवात ताशी २.७ किलोमीटरची, बाजारात रमतगमत फिरावं तशी. पण चढ पहिल्या पावलापासून १० टक्के. तिसऱ्या टप्प्यात वेग साडेपाच, चढ १४. जिंतूरकडचे डोंगर सोडले तर आपला मुलूख सपाट. कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर रोज तासभर फिरणाऱ्याच्याही पोटऱ्या इथे छातीच्या आधी बोलतात. समोरच्या दांड्याला नुसता हात टेकवा. त्यावर भार टाकला की मेहनत कमी होते आणि तपासणी फसते.

दोन-तीन तास आधी हलकं खाऊन घ्या. चहा, बिडी, तंबाखू त्या दिवशी नको. चपलेवर किंवा अनवाणी चालायला लावलं तर नकार द्या, बूट हवेतच. बायकांनी साडीऐवजी सलवार-कुर्ता घातलेला बरा. छातीवर चकत्या चिकटवायला पुरुषांचे केस थोडे काढतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मे महिन्यात पालम-गंगाखेडहून एसटीने तापून आलात तर पाणी पिऊन जरा टेका, मगच आत जा.

चालताना छातीवर दाब आला, गरगरलं, तर लगेच सांगा; मर्दुमकी दाखवायची ती जागा नव्हे. पट्टा थांबल्यावरही काही मिनिटं वायरी राहू द्या. ईसीजीतले काही बदल विसाव्यातच उमटतात.

रिपोर्ट पॉझिटिव्ह म्हणजे ब्लॉकेज ठरलं असं नाही. विशेषतः बायकांमध्ये तो बरेचदा खोटा निघतो. निगेटिव्ह म्हणजे कायमची हमीही नाही. लगेच नांदेड किंवा संभाजीनगरची गाडी धरण्याआधी तो आपल्या डॉक्टरांना दाखवा.

आणि बसल्याजागी छातीत दुखत असेल, घाम फुटला असेल, दुखणं हातात किंवा जबड्यात उतरत असेल, तर टीएमटीचा नंबर लावू नका. १०८ ला फोन करा आणि थेट दवाखाना गाठा.