पिशवी उसवते ती तळाला

थार, गुरखा, जिम्नी किंवा जुनी जिप्सी, ज्या गाडीची स्टेपनी पाठीवर असते तिच्या मालकाला कधी ना कधी त्या स्टेपनीवर पिशवी चढवायचा मोह होतोच. मोह रास्त आहे. चिखलाने भरलेला टोचन दोर, ओल्या चपला, डोंगरात गोळा केलेला आपलाच कचरा हे सगळं गाडीच्या आत कुणाला हवं असतं? मागची सीट उभी असली की तीन दरवाजांच्या थारमध्ये सामानाला उरते ती नावापुरती जागा. म्हणून मीही एक पिशवी मागवली. जाहिरातीत १००० डेनियर नायलॉन, वॉटरप्रूफ, ५० लिटर असं सगळं ठसठशीत लिहिलं होतं. दुसऱ्या पावसाळ्यात रोह्याहून पेणला येताना भिसे खिंडीत तिचा तळ उसवला आणि टोचन दोर अडकवायचा लोखंडी शॅकल रस्त्यावर पडला. मागून एक दुचाकीवाला येत होता. त्याने वेळेत कट मारला, थांबला, आणि मला जे ऐकवायचं ते ऐकवलं. त्याचं बरोबरच होतं.

घरी येऊन पिशवी धुतली, उलटी केली आणि उन्हात ठेवून नीट पाहिली. कापडाला एकही भोक नव्हतं. म्हणजे ज्या आकड्यावर ती विकली गेली, तो आकडा खराच होता. फक्त त्याचा टिकण्याशी संबंध थोडा. डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा तर धागा जाड, एवढंच त्यातून कळतं. शिलाई कोणत्या दोऱ्याची, कोपरा दुमडलाय का, आतला थर कसला, पट्टा कुठे शिवलाय, यांतलं काहीच कळत नाही. आणि पिशव्या मरतात त्या नेमक्या याच ठिकाणी.

तळाचा कोपरा जवळून पाहिला तेव्हा गोष्ट उलगडली. शॅकल प्रत्येक खड्ड्याला त्याच कोपऱ्यावर आपटत होता. आतल्या कडेला कापड जेमतेम पाच-सहा मिलिमीटर सोडून एकच टीप मारलेली. ती कड तंतू तंतू होऊन टाक्यांतून निसटली होती. दोरा तुटला नव्हता, कापड फाटलं नव्हतं, दोघांनी एकमेकांना फक्त सोडून दिलं होतं. शिवाय आतला पॉलियुरेथेनचा थर हाताला चिकट लागत होता आणि पापुद्रे सुटत होते. जुन्या रेनकोटच्या आतून पांढरं भुस्कट पडतं ते हेच. दमट उष्णतेत हा थर पाण्याशीच रासायनिक क्रिया होऊन मोडत जातो. रायगडात पावसाळ्यात ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाणी पडतं आणि उरलेलं वर्ष खाडीची दमट हवा असते. कोरड्या वाळवंटासाठी आखलेली पिशवी इथे दोन वर्षं टिकली तर नशीब.

आता गाडीच्या पाठीची जागाच कशी असते ते समजून घ्या, कारण टपावरचं सामान आणि स्टेपनीवरचं सामान यांत फार फरक आहे. अशा गाड्यांची पाठ सपाट, उभी असते. गाडी पळते तेव्हा पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि चाकांनी उडवलेली धूळ, चिखलाचे शिंतोडे त्या पोकळीत ओढले जातात. मागची काच सारखी मळते ती त्यामुळेच. म्हणजे पिशवी गाडीवरच्या सगळ्यात घाणेरड्या जागी बसते, आणि धूळ हा तिचा पहिला शत्रू. मुंबई-गोवा महामार्गाच्या रखडलेल्या कामाची धूळ आम्हा पेणकरांनी वर्षानुवर्षं खाल्ली आहे. माझ्या पिशवीच्या चेनने आमच्यापेक्षा जास्त खाल्ली. धातूच्या दातांची चेन खाऱ्या हवेत आधी हिरवी पडते आणि मग जागेवरून हलत नाही. जाड दातांची प्लास्टिकची चेन घ्यावी, किंवा चेनच नको. तोंड तीन वेळा गुंडाळून दोन बकलांनी बंद होणारी पिशवी पाणीही अडवते आणि बिघडायला तिच्यात काही नसतं.

दुसरा शत्रू खुद्द टायर. पिशवीची पाठ टायरच्या खडबडीत नक्षीवर टेकलेली असते आणि गाडी चालू आहे तोवर ती घासत राहते. बाहेरून पिशवी नवी दिसते, पाठ मात्र झिजत जाते. ट्रकच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून मध्ये घातला की हा प्रश्न संपतो. पंक्चरवाल्याकडे तो फुकटात मिळतो, फार तर चहा पाजावा लागतो.

तिसरी गोष्ट पाणी. वॉटरप्रूफ पिशवीत पाणी शिरत नाही ही समजूत सोडून द्या. ते सुईच्या भोकांतून, चेनमधून, पट्ट्याच्या शिवणीतून शिरतं, आणि शिरलं की वॉटरप्रूफ असल्यामुळेच बाहेर पडत नाही. ५० लिटरची पिशवी तुंबली तर हिशेबाने ५० किलो. अर्धी जरी तुंबली तरी पट्टे आणि दरवाजाचे बिजागर दोघांच्या जिवावर येतं. तळाला पितळी आयलेट बसवलेली दोन-तीन भोकं हवीतच. ज्या पिशवीला भोक नाही ती कितीही महाग असली तरी पावसात लावू नका.

वजनाबद्दल लोक सगळ्यात बेफिकीर. माझ्या थारचा मागचा दरवाजा आडवा उघडतो आणि त्याच्यावर २५५/६५ आर १८ मापाचं आख्खं चाक आधीच लटकलेलं असतं. पिशवी त्या चाकाच्याही बाहेर बसते, त्यामुळे तिच्यातला प्रत्येक किलो बिजागराला आणखी लांबून ओढतो. मी सात-आठ किलोंच्या वर जात नाही. शॅकल, जॅक, पाना यांतलं काही आता पिशवीत नसतं. लोखंड आत, सीटखाली. पिशवीत मऊ आणि घाण वस्तू, बस्स. पेट्रोलचा कॅन तर चुकूनही नाही, मागून कुणी ठोकलं तर आधी मार तिथेच बसतो.

दुसरी पिशवी मी विकत घेतलीच नाही. ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या कारागिराकडे गाडी नेऊन उभी केली. माझी एकच सूचना आहे, गणपतीच्या तोंडावर पेणमध्ये असलं काम काढू नका. मूर्ती झाकायच्या धांदलीत तुम्हाला कुणी उभंही करणार नाही. मी दिवाळीनंतर गेलो. कारागीर काकांनी पीव्हीसी चढवलेली पॉलिएस्टर ताडपत्री निवडली, चौरस मीटरला साडेसहाशे ग्रॅमची. निळी-पिवळी स्वस्त प्लास्टिकची ताडपत्री एका उन्हाळ्यात तडकते, ती नको. नायलॉन भिजलं की सैल पडतं, उन्हालाही पॉलिएस्टरपेक्षा लवकर हार मानतं. दोराही पॉलिएस्टरचाच, सुती नको, तो कुजतो.

मी म्हटलं, "काका, टाके जवळजवळ घाला, मजबूत होईल."

"तसं केलं तर पोस्टाच्या तिकिटागत रेषेवर फाटेल," ते म्हणाले. "टाका लांब हवा, रांगा दोन हव्यात."

ताडपत्रीत सुईचं भोक भरून येत नाही, हे त्यांनी तुकडा ओढून दाखवलं. तीन-चार मिलिमीटरचा टाका, कड दोनदा आत दुमडलेली, तळाच्या कोपऱ्यांना बाहेरून आणखी एक तुकडा. पट्टे पिशवीच्या वरच्या काठाला न शिवता तळाखालून पूर्ण गुंडाळून घेतले, म्हणजे वजन पट्टा पेलतो, शिवण नाही. विकतच्या पिशवीत हीच एक गोष्ट पाहिलीत तरी पुरे: पट्टा तळाखालून जातोय का. जात नसेल तर जाहिरातीतलं पुढचं काही वाचू नका.

लावताना मागे उभं राहून पाहा. नंबर प्लेट झाकली जात असेल तर दंड होतो आणि तो वाजवी आहे. ब्रेकचा दिवा, इंडिकेटर, असेल तर रिव्हर्स कॅमेरा, सगळं मोकळं हवं. पिशवी सायलेन्सरच्या तोंडासमोर लोंबत नाही ना, तेही वाकून बघा.

आणि पंक्चर कधी होतं? भर पावसात, अंधारात. तेव्हा आधी पिशवी उतरवल्याशिवाय स्टेपनी हाती लागत नाही. दात्यांचे रॅचेट पट्टे रेती आणि गंजाने अडकतात. साधं दाबायचं कॅम बकल बरं, चिखलाने भरलेल्या बोटांनीही सुटतं. पिशवी पहिल्यांदा लावाल त्या दिवशी घरच्या अंगणातच एकदा हातमोजे घालून, डोळे मिटून ती उतरवून बघा. त्याच वेळी स्टेपनीची हवाही तपासा. पिशवीखाली झाकलेल्या टायरकडे वर्षभर कुणी पाहत नाही, आणि हवा उतरली की पट्टेही सैल होतात.