मैदानातलं गाणं आणि आपले कान

खान्देशातली तरुण मुलं आता मुंबई-पुण्याच्या संगीत महोत्सवांना हौसेने जाऊ लागली आहेत. शुक्रवारी रात्री जळगाव, भुसावळ किंवा चाळीसगावहून गाडी पकडायची, शनिवार-रविवार मैदानात गाणं ऐकायचं आणि सोमवारी कॉलेजात किंवा कामावर हजर व्हायचं. पुण्यात २०१० साली ‘एनएच७ वीकेंडर’ सुरू झाला. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर ‘लोलापलूझा’ पहिल्यांदा भरला. मूळचा अमेरिकेतला हा महोत्सव २००५ पासून शिकागोच्या ग्रँट पार्कमध्ये, म्हणजे भर शहरातल्या बागेत होतो. मुलांनी अशा महोत्सवांना जावं, नवं संगीत ऐकावं, असंच माझं मत आहे. मात्र अशाच एका दोन दिवसांच्या महोत्सवानंतर माझ्या डाव्या कानात बारीक शिट्टी सुरू झाली आणि ती आजही थांबलेली नाही. कोणत्या महोत्सवात हे झालं ते सांगत नाही, कारण हे कुठल्याही मैदानात होऊ शकतं. इतरांच्या वाट्याला ते येऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

मी जळगावात गाण्याचे वर्ग घेते. मैफलीची सवय या गावाला जुनी आहे. नारायण राजहंस, म्हणजे पुढचे बालगंधर्व, लहानपणी काही काळ जळगावला राहिले आणि इथेच मेहबूबखानांकडे गाण्याचे पहिले धडे शिकले. ते नातं जपत वसंतराव चांदोरकर स्मृती प्रतिष्ठान जानेवारीत बालगंधर्व संगीत महोत्सव भरवतं. सागर पार्कच्या मैदानावर बहिणाबाई महोत्सव रंगतो. डिसेंबरात महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुण्याला जाऊन सवाई गंधर्व ऐकणारे आमच्या ओळखीत कितीतरी आहेत. पंडित भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला तो महोत्सव मीही मांडवात भारतीय बैठकीवर बसून ऐकत आले आहे. एवढं असूनही या नव्या महोत्सवांतल्या आवाजाची ताकद माझ्या अनुभवात नव्हती.

धुळ्याची माझी भाची इंजिनिअरिंगला आहे. “मावशी, तू एकदा चल, तुला आवडेलच,” असा तिचा आग्रह होता, आणि मला ते संगीत खरोखर आवडलं. वादकांची लयीवरची पकड आणि हजारो पोरांनी एका सुरात धरलेलं धृपद ऐकून मी भारावून गेले. संध्याकाळी तिचा आवडता बँड मंचावर आला, तेव्हा आम्ही मंचाच्या उजव्या टोकाशी, दुमजली घराएवढ्या उंच स्पीकरच्या जवळ होतो. स्पीकर माझ्या डाव्या हाताला होता. ढोलाचा प्रत्येक ठोका कानाआधी छातीला जाणवत होता. तीन-साडेतीन तास आम्ही तिथेच होतो.

बाहेर पडताना भाचीचं बोलणं मला भिंतीपलीकडून आल्यासारखं वाटत होतं. तिच्याही कानात दडे बसले होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच मैदान, तोच आवाज. तिचे कान सोमवारी मोकळे झाले, माझा उजवाही झाला. डाव्यातली शिट्टी मात्र गाडीच्या खडखडाटातही ऐकू येत होती. मंगळवारी वर्गात तानपुरा जुळवायला घेतला, तेव्हा खरी धास्ती बसली. खर्ज ऐकू येत होता, षड्ज ऐकू येत होता. पण जवारीतून उठणारा जो झंकार असतो, तारेच्या वर तरंगणारे बारीक स्वर, ते डाव्या कानाला लागतच नव्हते. आयुष्यभर ज्या झंकारावर मुलांचे सूर पारखले, तोच अर्धा झाला.

कान-नाक-घसा तज्ज्ञांनी श्रवणचाचणी केली. तिच्या आलेखात ४,००० हर्ट्झपाशी रेघ खाली गेली होती आणि पुढे पुन्हा वर आली होती. मोठ्या आवाजाने झालेल्या इजेची ही ओळखीची खूण आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. औषधांनी थोडं परत आलं, सगळं आलं नाही.

का आलं नाही, हे प्रत्येकाने समजून घ्यायला हवं. आतल्या कानात शंखासारखी वेटोळी नळी असते. तिच्यात साधारण १५ हजार अतिसूक्ष्म केसपेशी असतात आणि हवेतल्या लहरींचा संदेश त्या मेंदूकडे पोचवतात. प्रचंड आवाजाने त्या थकतात आणि विश्रांती मिळाली तर सावरतात. दडे बसून दुसऱ्या दिवशी सुटतात ते यामुळे. पण मार फार बसला तर त्या मरतात, आणि माणसाच्या कानात मेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही. त्वचेची जखम भरते तशी ही भरून येत नाही. बारीक, उंच स्वर ओळखणाऱ्या पेशी सर्वांत आधी जातात. त्यामुळे रोजचं बोलणं बरेच दिवस ठीक ऐकू येतं आणि नुकसान लक्षातच येत नाही.

किती आवाज किती वेळ सोसतो, याचा हिशेब अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने ठरवून दिला आहे. ८५ डेसिबल आवाज दिवसाला आठ तास चालतो. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी मानक जाहीर केलं. त्यात सरासरी आवाज १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, आवाजाची मोजणी सतत व्हावी, श्रोत्यांना कानाचे बोळे मिळावेत आणि कानांना विसावा देणारी शांत जागा असावी, असं म्हटलं आहे. मोठ्या स्पीकरसमोर उभा राहणारा श्रोता पाव तासातच आपला दिवसाचा वाटा संपवतो, आणि तिथे तो तीन-तीन तास उभा असतो.

आता काय करायचं ते सांगते.

पहिली गोष्ट, कानाचे बोळे. औषधाच्या दुकानात फोमचे बोळे अगदी स्वस्तात मिळतात. बोटांनी वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धं मिनिट बोटाने धरून ठेवायचा. नीट बसला की आपलाच आवाज आपल्याला घुमल्यासारखा ऐकू येतो. वरवर अडकवलेला बोळा काहीच काम करत नाही. कापसाचा बोळाही नाही. कापूस आवाज जेमतेम अडवतो आणि आपल्याला मात्र निर्धास्त करतो. गाण्याची खरी आवड असेल तर वादकांसाठी बनवलेले बोळे घ्यावेत. ते १५ ते २० डेसिबल कमी करतात, पण सगळ्या स्वरांना सारखेच. त्यामुळे गाणं दबत नाही, फक्त हळू होतं. मी आता तेच वापरते, आणि खरं सांगायचं तर त्यातून शब्द अधिक स्वच्छ ऐकू येतात.

दुसरी गोष्ट, जागा. मोकळ्या मैदानात साध्या स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. मोठ्या महोत्सवात स्पीकर एकाखाली एक टांगलेले असतात, त्यांचा आवाज त्याहून सावकाश उतरतो, म्हणून तिथे आणखी मागे जावं लागतं. सर्वांत चांगली जागा म्हणजे मैदानाच्या मध्यावर, ध्वनिसंयोजकाच्या मंडपाच्या आसपास. तो माणूस जे ऐकत आवाज जुळवत असतो, तेच आपल्याला ऐकू येतं. तासाभराने दहा-पंधरा मिनिटं मंचापासून लांब जाऊन बसावं. फोनवर आवाज मोजणारं ॲप टाकून घ्यावं. आकडा अगदी बिनचूक नसला, तरी धोका कळण्याइतका बरोबर असतो.

तिसरी गोष्ट, पाणी. मे महिन्यात ४५ अंश सोसणाऱ्या आपल्या माणसाला मुंबईचं ऊन किरकोळ वाटतं. पण आपली हवा कोरडी, घाम लगेच उडतो आणि अंग गार होतं. मुंबईच्या दमट हवेत घाम अंगावरच राहतो, उष्णता बाहेर पडत नाही आणि चक्कर येते. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावं. मीठ-साखरेच्या पाण्याचं प्रमाण लक्षात ठेवा: एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. बऱ्याच ठिकाणी बाहेरचं खाणं-पिणं आत नेऊ देत नाहीत. तेव्हा नियम आधी वाचा, दशम्या-चटणी दारात जाण्यापूर्वी खाऊन घ्या आणि पाण्याची सोय आत कुठे आहे ते शिरताच बघून ठेवा.

चौथी गोष्ट, गर्दी. २५ नोव्हेंबर २०२३ रोजी कोचीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठात संगीत कार्यक्रमाआधी चेंगराचेंगरी झाली आणि चार तरुण जीव गेले. पाऊस आला, बाहेरचे आत धावले आणि दाराच्या पायऱ्यांवर माणसं एकमेकांवर पडली. अशा दाटीत माणूस अनेकदा उभ्या उभ्या गुदमरतो. छातीला फुगायला जागा उरत नाही. चारही बाजूंनी अंगाला अंग लागायला लागलं की तीच निघायची वेळ. हात छातीसमोर धरून श्वासापुरती जागा राखा, लोंढ्याच्या विरुद्ध जोर लावू नका, तो सैल झाला की तिरके सरकत कडेला या. पडलेली वस्तू उचलायला वाकू नका. आत गेल्या गेल्या दुसरं दार कुठे आहे ते पाहा आणि चुकामूक झाली तर भेटायची जागा ठरवा, कारण हजारोंच्या गर्दीत फोन लागत नाही.

परतीचं आरक्षण पहाटेच्या किंवा दुसऱ्या दिवसाच्या गाडीचं करा. रात्री १० ला गाणं संपतं आणि सगळं मैदान एकदम बाहेर पडतं. त्या रेट्यात गाडी गाठायची घाई जिवावर बेतू शकते. अर्धा तास आतच बसून राहिलं तर बाहेर पडणं सोपं होतं आणि कानांनाही शांतता मिळते.

हे सगळं मुंबई-पुण्यापुरतं नाही. लग्नाच्या वरातीत आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजेच्या गाडीमागे नाचणारी जळगाव-धुळ्याची मुलं असाच मार खात असतात, आणि तेही अरुंद गल्लीत, जिथे आवाज भिंतींवरून उलटा येतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद ठेवायचे असतात. वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं. नियम आहे, पण आपल्या गल्लीतली गाडी थांबवायला आपणच पुढे व्हावं लागतं. मिरवणूक बघायला तान्ह्या बाळाला स्पीकरजवळ नेणाऱ्या आई-वडिलांना तर माझी हात जोडून विनंती आहे: त्याला घरी ठेवा किंवा खूप लांब उभे राहा. त्याला अजून सगळं आयुष्य ऐकायचं आहे.

माझ्या वर्गातल्या मुलांना मी आता वर्षातून एकदा श्रवणचाचणी करून यायला सांगते. भाची दर महोत्सवाला जाते, आणि बोळ्यांची डबी तिच्या पिशवीत तिकिटाआधी जाते. तुम्हीही जा, मनसोक्त ऐका. एवढंच लक्षात ठेवा: कानात शिट्टी वाजू लागली की ती इजेची खूण आहे, जागा सोडा. दुसऱ्या दिवशीही कान बधिर असेल किंवा एका कानाने कमी ऐकू येत असेल, तर आपोआप बरं होईल म्हणून थांबू नका. अचानक गेलेलं ऐकू येणं परत आणण्याचे उपचार पहिल्या काही दिवसांतच सर्वाधिक लागू पडतात. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा.