खाऱ्या पाण्याची नवी मत्स्यटाकी : सुरुवातीला दिवा किती वेळ लावावा?

शोभिवंत सागरी माशांची टाकी नव्याने भरल्यावर दिवा दिवसभर चालू ठेवू नये. टाकीतील सेंद्रिय पदार्थ कुजून अमोनिया तयार होतो व तो माशांना घातक असतो. खडकाच्या छिद्रांत वाढणारे जिवाणू त्याचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करतात. शेतातील युरियाचेही असेच होते. या जिवाणूंना प्रकाश लागत नाही. तीव्र प्रकाशाने त्यांची वाढ मंदावते. मात्र नायट्रेट व प्रकाश एकत्र मिळाल्यास शेवाळ माजते.

यासाठी पुढील काळजी घ्यावी.

१) मानवनिर्मित सच्छिद्र खडक वापरल्यास चिमूटभर मत्स्यखाद्य टाकून टाकी अंधारात ठेवावी.

२) जिवाणू व इतर जीव वसलेल्या 'जिवंत खडका'वर गुलाबी-जांभळे शेवाळ असल्यास रोज ४ ते ६ तास मंद प्रकाश द्यावा. थेट ऊन टाळावे.

३) जिवाणूंना प्राणवायू लागतो, म्हणून पंप अखंड चालू ठेवावा.

४) दर २-३ दिवसांनी पाणी तपासावे. अमोनिया व नायट्राइट शून्य झाल्यावरच, म्हणजे साधारणतः ४ ते ६ आठवड्यांनी, थोडे मासे सोडावेत. त्यानंतर प्रकाशाचा काळ हळूहळू ८ तासांपर्यंत वाढवावा.

नैसर्गिक जिवंत खडक हा बहुधा प्रवाळांचा सांगाडा असतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार कठीण प्रवाळ संरक्षित आहेत. त्यामुळे मालवण किंवा अन्य किनाऱ्यावरून ते काढू नयेत व विकतही घेऊ नयेत.