राइटर का उघडेना?

मुलांनो, शाळेच्या संगणक कक्षात तुम्ही लिब्रेऑफिस राइटर वापरता. उर्दू मजकूर उजवीकडून डावीकडे लिहायचा आणि मराठी मजकूर डावीकडून उजवीकडे. दोन्ही कामे या एकाच प्रोग्राममध्ये होतात, म्हणून आपल्यासारख्या शाळांना तो फार सोयीचा आहे. जाता जाता एक गंमत सांगतो. 'मजकूर' हा शब्द तुम्हाला उर्दूतूनही माहीत आहे. उर्दूत त्याचा अर्थ 'ज्याचा उल्लेख आधी झाला आहे तो'. मराठीत मात्र मजकूर म्हणजे लिहिलेले किंवा छापलेले शब्द.

आता समजा, एके दिवशी तुम्ही राइटरच्या चित्रावर टिचकी मारली. पडद्यावर प्रोग्रामच्या नावाची पाटी क्षणभर चमकली आणि नाहीशी झाली. पुन्हा टिचकी मारली. पुन्हा तेच. अशा वेळी तुम्ही काय कराल? बहुतेक मुले आणखी दहा वेळा टिचकी मारतात. कोणी संगणक बंद करून चालू करते. कोणी म्हणते, "व्हायरस शिरला!"

२०२३ साली आमच्या शाळेत हेच घडले. वार्षिक अंक दोन दिवसांत छापखान्यात द्यायचा होता. नववीच्या मुलामुलींनी आपल्या आजी-आजोबांना विचारून हातमागाच्या कामातले जुने शब्द गोळा केले होते. धोटा, कांडी, ताणा, बाणा असे कितीतरी शब्द. राइटरमध्ये शुद्धलेखन तपासण्याची सोय असते. तिला हे शब्द ठाऊक नव्हते, म्हणून ती प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ मारी. मुले तो शब्द नीट तपासून आपल्या खास शब्दकोशात घालत आणि रेघ नाहीशी होई. दोन वर्षे हे काम चालले होते. ज्यांनी हे शब्द सांगितले, त्यांतले काही आजोबा आता हयात नव्हते.

संगणक जाणणारे एक गृहस्थ मदतीला आले. त्यांनी दोन मिनिटे पाहिले आणि म्हणाले, "सगळे पुसून लिनक्स नव्याने घाला. तासाभराचे काम आहे." मी मान हलवणारच होतो. इतक्यात मागून एका मुलीने विचारले, "सर, मग आमचे शब्द कुठे जातील?"

मला उत्तर देता येईना. म्हणून आम्ही काहीही न पुसता तपास करायचे ठरवले. तो तपास कसा केला ते आता पाहू या.

लिनक्समध्ये एखाद्या प्रोग्रामच्या वस्तू तीन ठिकाणी असतात. प्रोग्राम स्वतः एका ठिकाणी असतो आणि तो संगणक वापरणाऱ्या सर्वांचा असतो. तुम्ही लिहिलेले निबंध आणि पत्रे दुसऱ्या ठिकाणी, तुमच्या घरात असतात. हे घर म्हणजे तुमच्या नावाचा फोल्डर. आणि तुमच्या सवयी, म्हणजे अक्षरांचा आकार, खास शब्दकोश, प्रोग्रामला वरून जोडलेल्या सोयी, या सर्वांचे एक तिसरे ठिकाण असते. त्याला आपण दप्तर म्हणू. उर्दूत दफ्तर म्हणजे कचेरी. मराठीत दप्तर म्हणजे कागदपत्रे ठेवण्याचे बासन, आणि तुमच्या पाठीवरची पिशवीसुद्धा! राइटरचे दप्तरही तुमच्या घरातच असते, पण ते दिसत नाही. ज्या फोल्डरचे नाव टिंबाने सुरू होते, तो लिनक्स लपवून ठेवते.

पहिली गोष्ट आम्ही केली ती अगदी सोपी होती. त्याच संगणकावर दुसऱ्या वर्गाचे वेगळे खाते होते. त्या खात्यातून आत शिरून राइटर उघडले. ते झटकन उघडले! याचा अर्थ काय? प्रोग्राम सर्वांचा एकच आहे. तो एका खात्यात चालतो आणि दुसऱ्यात चालत नाही, तर दोष प्रोग्राममध्ये असण्याचा संभव कमी. दोष नववीच्या दप्तरात असणार. प्रोग्राम काढून पुन्हा घातला असता तरी उपयोग झाला नसता, कारण असे करताना घरातले दप्तर जसेच्या तसे राहते. रोग एकीकडे आणि उपाय भलतीकडे, याला मराठीत 'आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी' म्हणतात.

मग आम्ही नववीच्या खात्यात परत आलो आणि टर्मिनल उघडले. उबुंटूमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि टी या तीन कळा एकदम दाबल्या की टर्मिनल उघडते. ती काळी खिडकी पाहून घाबरू नका. चित्रावर टिचकी मारून प्रोग्राम सुरू केला, तर तो मरताना काय बोलला ते आपल्याला दिसत नाही. टर्मिनलमधून सुरू केला की त्याचे शेवटचे शब्द तेथेच उमटतात. आम्ही लिब्रेऑफिस हे नाव रोमन लिपीत, सगळी अक्षरे लहान ठेवून लिहिले आणि एंटर दाबले. पाटी चमकली, गेली, आणि खाली ओळ आली: 'फेटल एक्सेप्शन: सिग्नल ११'. तिच्याखाली न कळणाऱ्या बऱ्याच ओळी होत्या.

हा इशारा होता. उर्दूत इशारा म्हणजे खूण. मराठीत इशारा म्हणजे 'सावध व्हा' अशी सूचना. येथे दोन्ही अर्थ लागू पडतात! लिनक्स प्रत्येक प्रोग्रामला आठवणीतली, म्हणजे मेमरीतली, काही जागा वाटून देते. प्रोग्रामने आपली नसलेली जागा वापरू पाहिली, की लिनक्स त्याला अकरा क्रमांकाची खूण पाठवते आणि बहुधा प्रोग्राम तेथेच संपतो. याच खुणेला पुष्कळदा 'सेग्मेंटेशन फॉल्ट' असे नाव दिसते. तुमच्या संगणकावर वेगळी ओळ येऊ शकते. 'परमिशन डिनाइड' आले तर एखादी फाइल उघडण्याची तुम्हाला परवानगी नाही. 'नो स्पेस लेफ्ट' आले तर डिस्क भरली आहे. 'शेअर्ड लायब्ररीज' असे शब्द आले तर प्रोग्रामला लागणारा एखादा भाग गैरहजर आहे किंवा तो वाचता येत नाही. तेव्हा मात्र प्रोग्राम पुन्हा घालणे योग्य ठरते. ओळ जशीच्या तशी वहीत उतरवून घ्या. 'काहीतरी इंग्रजीत आले होते' एवढ्यावर कोणालाच मदत करता येत नाही.

डिस्कवर जागा होती. तेव्हा पुढची पायरी, सेफ मोड. ही सोय लिब्रेऑफिसमध्ये २०१७ सालच्या ५.३ या आवृत्तीपासून आहे. प्रोग्रामच्या नावापुढे जागा सोडून, दोन लहान आडव्या रेघा देऊन सेफ-मोड असे लिहायचे. मग राइटर तुमचे दप्तर बाजूला ठेवते आणि तात्पुरते कोरे दप्तर घेऊन सुरू होते. आम्ही तसे केले. राइटर उघडले. संशय खरा ठरला.

येथपर्यंत आल्यावर घाई होते. वाटते, बिघडलेले दप्तर पुसून टाकावे. तसे करू नका! खास शब्दकोश त्याच दप्तरात होता. आम्ही राइटर बंद केले, घराचा फोल्डर उघडला आणि कंट्रोल व एच या कळा दाबल्या. लपलेले फोल्डर दिसू लागले. त्यांत टिंब-कॉन्फिग, त्यात लिब्रेऑफिस, त्यात ४, आणि त्यात यूजर. प्रोग्रामची आवृत्ती सातवी असली तरी या फोल्डरचे नाव ४च राहिले आहे, हे पाहून गोंधळू नका. यूजर या फोल्डरचे नाव आम्ही फक्त बदलले. त्यापुढे 'जुने' असे लिहिले, बस.

पुन्हा राइटरच्या चित्रावर टिचकी मारली. ते उघडले! जुने दप्तर जागेवर नाही असे पाहून त्याने स्वतःच नवे करून घेतले होते. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पण त्या मुलीने 'धोटा' लिहून पाहिले आणि खाली लाल रेघ आली. टाळ्या थांबल्या.

राइटर बंद करून आम्ही जुन्या दप्तरात शिरलो. तेथे वर्डबुक नावाचा फोल्डर होता आणि त्यात शब्दकोशाची फाइल. तिची नक्कल नव्या दप्तरातील वर्डबुकमध्ये ठेवली. राइटर पुन्हा उघडून 'धोटा' लिहिले. रेघ नाही. 'कांडी' लिहिले. रेघ नाही. अंक वेळेवर छापखान्यात गेला.

दोषी कोण, हे मात्र सोमवारी कळले. आम्ही जुने दप्तर जागेवर आणले आणि सेफ मोडमध्ये वरून जोडलेल्या सर्व सोयी, म्हणजे एक्स्टेन्शन, बंद केल्या. राइटर उघडले. मग एकेक सोय चालू करायची, राइटर बंद करून पुन्हा उघडायचे. दुसरी सोय चालू करताच पाटी चमकली आणि गेली. ती सोय जुन्या आवृत्तीसाठी बनवलेली होती. तेव्हा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, ती मी गुरुवारी जोडली होती." तो शुक्रवारीच सांगणार होता, पण व्हायरसची चर्चा ऐकून गप्प बसला. खरे तर 'कालपासून आजपर्यंत काय बदलले?' हा प्रश्न मी सर्वांत आधी विचारायला हवा होता. तो विचारला असता तर निम्मे काम वाचले असते.

तुम्ही पुढच्या तासाला संगणक कक्षात जाल, तेव्हा आपल्या घराचा फोल्डर उघडा आणि कंट्रोल व एच दाबा. वर्डबुक शोधा. काही संगणकांवर राइटर वेगळ्या पद्धतीने घातलेले असते आणि मग दप्तरही वेगळ्या ठिकाणी असते. तसे असेल तर शिक्षकांना विचारा. सापडले की त्याची एक नक्कल पेन ड्राइव्हवर घ्या आणि वर आजची तारीख घाला. आमची नववीची मुले दर शनिवारी ही नक्कल घेतात. गेल्या शनिवारी त्यांनी तीत 'फणी' हा शब्द घातला. मागाची फणी, केसांची नव्हे.